शरीराचा सामू : पण कुठला?

‘शरीराचा सामू ७.४’ असे वाक्य विद्यार्थ्यांच्या वह्यांत सर्रास आढळते. आमचा त्याला आक्षेप आहे. ७.४ हा धमनीतील रक्ताचा आकडा. विसावलेल्या स्नायूपेशीच्या आत तो ७ च्या आसपास असतो. दंडावर पट्टा आवळून मूठ उघडझाप करीत राहिले, की तो आणखी उतरतो. सुजलेल्या ऊतीतही जमलेल्या पांढऱ्या पेशी ग्लुकोज फोडून आम्लता वाढवतात. ०.३ ची घट किरकोळ वाटते खरी; पण तेवढ्यात हायड्रोजन आयन दुप्पट होतात! सुईसारखा इलेक्ट्रोड खुपसावा, तर त्यानेच ऊतीला इजा होते, शिवाय कळतो तो बहुधा पेशीबाहेरच्या द्रवाचा सामू. मून आणि रिचर्ड्स यांनी १९७३ मध्ये फॉस्फरसच्या अणुकेंद्रीय चुंबकीय संस्पंदनाने तांबड्या पेशींच्या आतला सामू न टोचता मोजला. आकड्याशेजारी ‘कोठे, कसा मोजला’ एवढे तरी लिहून घ्यावे.