हर्शेलच्या एका निबंधाचें परीक्षण

इ. स. १७९१ मध्यें विल्यम हर्शेलनें लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें तेजोमेघांनीं वेढलेल्या ताऱ्यांविषयीं जो निबंध ठेवला, त्याचा उल्लेख ज्योतिषाच्या इतिहासांत येतो. पण युक्तिवादाचा नमुना म्हणूनही तो वाचण्याजोगा आहे.

१३ नोव्हेंबर १७९० च्या रात्रीं वृषभ राशींत त्याला एक तारा दिसला. भोंवतीं वर्तुळाकार फिकट प्रभा, आणि तारा बरोबर मध्यावर. तेजोमेघ म्हणजे दूरचे तारकापुंजच, असा तोंवर त्याचा समज होता. येथें त्यानें स्वतःच्याच मताची उलटतपासणी केली. ही प्रभा ताऱ्यांची असेल, तर मधला तारा राक्षसी आकाराचा ठरतो. मधला सामान्य मानावा, तर बाकीचे कल्पनेबाहेर क्षुद्र होतात. दोन्ही पक्ष असंभाव्य. तेव्हां हा कांहीं निराळाच प्रकाशमान पदार्थ होय. १८६४ मध्यें हगिन्सनें वर्णपटाच्या साह्यानें कालेय राशींतील अशाच एका मेघाचें वायुरूप सिद्ध केलें. तें साधन हाताशीं नसतां केवळ तर्कानें येथवर पोंचणें ही सामान्य गोष्ट नव्हे.

उत्तरार्ध मात्र आम्हांस तितका मान्य होत नाहीं. हा पदार्थ आकुंचन पावून तारा घडत असावा, हें अनुमान नेमकें उलटें आहे. वृद्ध तारा आपलीं बाह्य आवरणें टाकतो, त्यांचा हा मेघ होतो. (‘ग्रहसदृश’ हें त्याचेंच नांव, ग्रहांशीं संबंध नसतांही तें अजून सुटलेलें नाहीं.)

पण खरी मौज निराळीच आहे. हर्शेलनें पाहिलेल्या ताऱ्याची उष्णता मेघ उजळण्यास पुरेशी नाहीं. त्याच्या प्रकाशांत दडलेला दुसरा, लहान पण अत्यंत तप्त तारा तेथें आहे. मेघ टाकला तो यानें, आणि उजळतोही हाच. दोघांची परस्परांभोंवतींची प्रदक्षिणा सुमारें नऊ वर्षांची, असें २०१७ मध्यें ठरलें. शर राशींतील एका मेघाच्या मध्यभागीं परस्परांस ग्रहण लावणारी जोडी असल्याचें हॉवर्ड बाँड यांनीं १९७६ मध्येंच दाखविलें होतें. तिची प्रदक्षिणा तर अवघ्या अकरा तासांची! अशा मेघांच्या डमरूसारख्या आकृतींचें कारण आज पुष्कळ अभ्यासक या जोडताऱ्यांतच शोधतात.

शेंकडों जोडतारे हुडकणाऱ्या हर्शेललाच ही जोडी दिसूं नये, याचा दोष त्याला देणें अन्यायाचें होईल. त्याच्या दुर्बिणींतून ती विलग दिसणें शक्यच नव्हतें. तारा आणि मेघ यांचा संबंध त्यानें ओळखला, नातें तेवढें चुकलें. ज्यास त्यानें मेघाचें अपत्य मानलें, तो मेघाच्या जनकाचा सोबती निघाला. तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्यांस निबंधाचा पूर्वार्ध अवश्य वाचावयास द्यावा. उत्तरार्ध वाचतांना २०१७ चें गणित शेजारीं असावें.