औंधचा ‘सूर्यनमस्कार’ : ग्रंथ, हुकूम आणि दैनंदिन स्वास्थ्य

सारांश :
औंध संस्थानचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी यांचे सूर्यनमस्कारविषयक लेखन आधुनिक योगाच्या इतिहासात महत्त्वाचे मानले जाते. या लेखनाची चर्चा बहुधा ‘प्राचीन की अर्वाचीन’ या एकाच प्रश्नाभोवती फिरते. प्रस्तुत लेखात हा प्रश्न बाजूला ठेवून, हे लेखन कोणत्या देहाशी व कोणत्या स्वरात बोलते याचा विचार केला आहे. त्यासाठी त्याच संस्थानातील आटपाडीचे लेखक शंकरराव खरात यांचे ‘तराळ-अंतराळ’ आणि आटपाडीजवळील स्वतंत्रपूरचा प्रयोग यांच्याशी त्याची तुलना केली आहे.

बीजशब्द : सूर्यनमस्कार, औंध संस्थान, दैनंदिन स्वास्थ्य, हुकूम, संमती, कायाक्लेश.

१. प्रास्ताविक :
संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने ११ डिसेंबर २०१४ रोजी केलेल्या ठरावानुसार २०१५ पासून २१ जून हा आंतरराष्ट्रीय योग दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी महाविद्यालयांच्या मैदानावर जी सामूहिक हालचाल दिसते तिचा एक महत्त्वाचा उगम सातारा-सांगली परिसरातच आहे, याची जाणीव मात्र आपल्या विद्यार्थ्यांना क्वचितच असते. औंध हे गाव आज सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात आहे. संस्थानचे आटपाडी व कुंडल हे भाग आज सांगली जिल्ह्यात आहेत. संस्थान विखुरलेले आणि लहान होते, त्यातील बराचसा मुलूख अवर्षणप्रवण होता. अशा मुलखात आरोग्याचा विचार ग्रंथरूपाने मांडला गेला, ही गोष्ट समीक्षकाला विचारात घ्यावीच लागते.

२. ग्रंथाची जडणघडण :
भवानरावांचा जन्म १८६८ चा. १९०९ मध्ये ते गादीवर आले. तारुण्यात त्यांनी युजेन सँडो या युरोपीय शरीरसौष्ठवपटूची पद्धत सुमारे दहा वर्षे निष्ठेने आचरली. पुढे १९०८ च्या सुमारास मिरजेचे अधिपती बाळासाहेब यांच्या प्रभावाने ते सूर्यनमस्कारांकडे वळले. १९२० च्या दशकात त्यांचे या विषयावरील लेखन पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. १९३६ मध्ये ते इंग्लंडला गेले असता लुईझ मॉर्गन या पत्रकार स्त्रीशी त्यांचा परिचय झाला व तिच्या संपादनाखाली १९३८ मध्ये लंडनहून ‘द टेन-पॉइंट वे टू हेल्थ’ हे इंग्रजी पुस्तक निघाले. एका देशी संस्थानिकाने आपल्या घरातील व्यायाम साम्राज्याच्या राजधानीत पाठ म्हणून ठेवावा, ही घटना त्या काळाच्या संदर्भात लक्षणीय आहे.

३. ‘प्राचीन की अर्वाचीन’ या वादाची मर्यादा :
जोसेफ ऑल्टर (२००४), मार्क सिंगलटन (२०१०) व इलियट गोल्डबर्ग (२०१६) या अभ्यासकांनी आधुनिक योगाच्या घडणीत औंधच्या या कार्याची दखल घेतली आहे. उलट आपल्याकडे समर्थ रामदासांच्या नित्य नमस्कारांची परंपरा श्रद्धेने सांगितली जाते. या दोन बाजूंच्या वादात एक जुना पुरावा दुर्लक्षित राहतो. ‘हठप्रदीपिके’त साधकाने कायाक्लेश टाळावा असे सांगितले आहे. एकोणिसाव्या शतकातील ‘ज्योत्स्ना’ टीकेचा कर्ता ब्रह्मानंद कायाक्लेशाचा अर्थ स्पष्ट करताना दोन उदाहरणे देतो : पुष्कळ सूर्यनमस्कार घालणे आणि पुष्कळ भार वाहणे.

याचा अर्थ असा की नमस्कार भवानरावांपूर्वीही प्रचलित होते, परंतु हठयोगाच्या या टीकाकाराने त्यांच्या अतिरेकाला साधना मानले नाही. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे हे की त्याने व्यायाम करणारा देह आणि ओझे वाहणारा देह यांना एकाच पंक्तीत बसवले. भवानरावांच्या मांडणीत या दुसऱ्या देहाचे काय होते, हा या लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

४. ग्रंथाचे बलस्थान :
या मांडणीचे खरे सामर्थ्य तिच्या साधेपणात आहे. दहा स्थिती, त्यांच्याशी जोडलेला श्वास, बीजाक्षरांसह सूर्याच्या नामांचा उच्चार, एवढीच सामग्री. उपकरण नको, खर्च नको, जागा सतरंजीएवढी पुरते. सँडोच्या पद्धतीत वजने व साधने विकत घ्यावी लागत. येथे देहच साधन होतो. आज ‘सजग हालचाल’ या नावाने जे शिकवले जाते, म्हणजे हालचालीत श्वास व अवधान एकत्र राखणे, त्याचे मर्म येथे आहे. प्रत्येक नमस्काराला वेगळे नाम असल्यामुळे मोजणे आणि भान ठेवणे या दोन क्रिया एक होतात.

दुसरे असे की भवानराव व्यायामाचा विचार आहारापासून तोडत नाहीत, आणि स्त्रियांना या व्यायामाच्या बाहेर ठेवत नाहीत. त्यांच्या राणीसाहेबही नमस्कार घालत. त्या काळातील पुरुषप्रधान तालीमसंस्कृतीच्या पार्श्वभूमीवर हे धाडसाचे होते.

५. ग्रंथाची मर्यादा : हुकमाची भाषा :
तथापि या लेखनाचा स्वर राजाचा आहे. स्वतःचा व कुटुंबाचा निरोगी देह तो पुरावा म्हणून पुढे करतो आणि त्यावरून सर्वांसाठी नियम काढतो. अनेक व्याधी नमस्काराने दूर होतात, हे त्याचे दावे आज वैद्यकीय कसोटीवर जसेच्या तसे स्वीकारता येणार नाहीत. पण मोठी अडचण वेगळी आहे. संस्थानातील शाळांमध्ये सूर्यनमस्कार सक्तीचे होते. त्यामुळे ग्रंथातील ‘करावे’ हे विध्यर्थी रूप शाळेच्या पटांगणात आज्ञार्थी होते. आतून येणारे अवधान बाहेरून लादता येते काय, हा प्रश्न ग्रंथ स्वतःला विचारत नाही.

शंकरराव खरात (जन्म १९२१) आटपाडीचे. त्यांचे शिक्षण आटपाडी व औंध येथे झाले. त्यांच्या ‘तराळ-अंतराळ’ (१९८१) या आत्मकथनात तराळकी करणाऱ्या वडिलांचा देह सतत दुसऱ्याच्या हुकमावर हलतो. विहिरीतील प्रेताच्या प्रसंगी पोलिसी हुकमापुढे त्या देहाच्या भीतीला, भुकेला व थकव्याला काही किंमत उरत नाही. पहाटेपासून वाकणारा, उठणारा, ओझे वाहणारा हा देह व्यायामाअभावी दुर्बल झालेला नाही. त्याला हवी आहे विश्रांती, भाकरी आणि नकार देण्याचा अधिकार. ‘ज्योत्स्ना’कारांनी पाहिलेला भारवाही देह येथे साहित्यात बोलू लागतो. भवानरावांच्या लेखनात हा देह केंद्रस्थानी येत नाही. तेथील गृहीत वाचक बैठ्या जीवनाचा, पोटभर जेवणारा व स्वतःची सकाळ स्वतःच्या ताब्यात असणारा आहे.

६. स्वतंत्रपूरचा प्रयोग :
भवानरावांवर येथेच निकाल देऊन थांबणे मात्र अन्यायाचे होईल. कारण सक्तीचे उत्तर त्यांच्याच संस्थानात सापडते. गांधीजींच्या सल्ल्याने आणि पुत्र आप्पासाहेब पंत व मॉरिस फ्रीडमन यांच्या सहभागाने जानेवारी १९३९ मध्ये औंधने स्वराज्याची घटना स्वीकारली आणि राजाने आपली सत्ता ग्रामपंचायतींवर आधारलेल्या प्रातिनिधिक व्यवस्थेकडे सोपवली. त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची मुक्त वसाहत सुरू झाली. तेथे भिंतीऐवजी विश्वास होता, सक्तमजुरीऐवजी शेती होती आणि कुटुंबाची सोबत होती. ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) या व्ही. शांताराम यांच्या चित्रपटामागे हीच प्रेरणा होती. त्याची कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर याच मातीतले.

एकाच राजाच्या कारकिर्दीत शाळेतील मुलाचा देह आज्ञेने हलत होता आणि कैद्याचा देह विश्वासावर सोडलेला होता, हा विरोधाभास उद्बोधक आहे. स्वास्थ्याचा विचार ग्रंथात अपुरा राहिला, पण स्वतंत्रपुरात तो पुढे गेला असे म्हणावे लागते.

७. आजचा संदर्भ :
प्रस्तुत लेखकाने एका महाविद्यालयातील योग दिनाच्या कार्यक्रमात काही वर्षे काम केले आहे. सकाळी साडेसहाची उपस्थिती अनिवार्य असते आणि छायाचित्रे अहवालास जोडली जातात. दुष्काळी पट्ट्यातील विद्यार्थिनी पहिल्या एस.टी.ने, अनेकदा उपाशीपोटी येतात. ‘पाणी भरून, जनावरांचं करून आलेय सर, आता किती घालायचे?’ असा प्रश्न एकीने विचारला होता. तेव्हा तो आळसाचा वाटला. ‘तराळ-अंतराळ’ पुन्हा वाचल्यावर तो कायाक्लेशाचा प्रश्न होता हे उमगले. भवानरावांनी आहाराचा विचार तरी केला होता. आपण त्यांच्याकडून सक्ती घेतली आणि आहार सोडून दिला.

८. निष्कर्ष :
१) औंधच्या सूर्यनमस्कारविषयक लेखनाचे महत्त्व त्याच्या प्राचीनत्वावर अवलंबून नाही. अल्पखर्ची, घरगुती व सजग व्यायामाची मांडणी हे त्याचे स्थायी मूल्य आहे.
२) बैठा देह हाच सार्वत्रिक देह मानणे आणि हुकमाची भाषा या त्याच्या मर्यादा आहेत.
३) हे लेखन ‘तराळ-अंतराळ’सोबत वाचल्यास दैनंदिन स्वास्थ्य हा अन्न, विश्रांती व संमती यांचाही प्रश्न आहे हे स्पष्ट होते.
४) महाविद्यालयीन योगकार्यक्रम ऐच्छिक असावेत, त्यांना न्याहारीची जोड असावी आणि श्रम करून आलेल्या विद्यार्थ्याला शवासनाचीही मुभा असावी.

सूर्याला नमस्कार करावा की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. तो ठरवण्याइतकी सकाळ प्रत्येकाच्या वाट्याला यावी, ही जबाबदारी मात्र संस्थेची आहे.