स्मृतीचे ऋण आणि ऐतिहासिक कादंबरी

ऐतिहासिक कादंबरीचा विचार करताना आपल्याकडे पहिला प्रश्न विचारला जातो तो साधनांचा. लेखकाने बखरी कोणत्या पाहिल्या, पत्रव्यवहार कितपत तपासला, तिथीवारांचा मेळ बसविला की नाही, याची झडती घेऊन झाली म्हणजे टीकाकाराचे निम्मे काम उरकते. उरलेले निम्मे भाषेच्या ओघाविषयी व पात्रांच्या रेखीवपणाविषयी चार शब्द लिहिले की पुरे होते. ही झडती अनावश्यक आहे असे आम्ही म्हणत नाही. इतिहासाशी बेइमानी करणारी कादंबरी वाङ्मयाशीही फार काळ इमान राखू शकत नाही. परंतु या झडतीच्याही आधीचा एक प्रश्न आहे आणि तो क्वचितच विचारला जातो. दप्तरांत हजारो माणसे आणि शेकडो लढाया पडून असताना या लेखकाने नेमका हाच मनुष्य का निवडला? तो त्याच्या मनात कोठून आला, आणि एकदा आल्यावर त्याला का सोडीना?

या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा एखाद्या जुन्या, चिवट आठवणीत सापडते. मात्र आठवण कादंबरीला नेमके काय देते, याविषयी एक गैरसमज रूढ आहे. आठवणीमुळे लेखकाला त्या काळाची 'प्रत्यक्ष माहिती' मिळते व म्हणून चित्रण जिवंत होते, असे समजले जाते. आमच्या मते आठवण माहिती फारच थोडी देते. ती देते ते ऋण. हे आम्ही एका उदाहरणाने स्पष्ट करू इच्छितो. ते उदाहरण टॉलस्टॉयच्या 'हाजी मुराद' या कादंबरीचे.

इ. स. १८५१ च्या अखेरीस तेवीस वर्षांचा टॉलस्टॉय कॉकेशसमधील तिफ्लिस या शहरी होता. रशियन सैन्याबरोबर तो स्वेच्छेने मोहिमेवर जाऊन आला होता, आणि सैन्यात रीतसर दाखल होण्याच्या खटपटीत होता. डोंगराळ मुलखातील मुसलमान जमाती शामिल या इमामाच्या नेतृत्वाखाली रशियाशी लढत होत्या. हाजी मुराद हा शामिलचा सर्वांत नामांकित सरदार. त्याचे शामिलशी बिनसले आणि तो रशियनांच्या आश्रयास आला. डिसेंबर महिन्यात टॉलस्टॉयने आपला भाऊ सर्गेई यास पत्र लिहिले. त्यात त्याने ही बातमी गावगप्पा सांगावी तशी सांगितली, आणि एवढा शूर मनुष्य शेवटी हलकटपणाला प्रवृत्त झाला असा शेराही मारला. पत्रात याहून अधिक काही नाही. हाजी मुरादची भेट झाल्याचा उल्लेखही नाही. पुढे काही महिन्यांतच, १८५२ साली, हाजी मुराद रशियनांच्या पहाऱ्यातून निसटला, पाठलागात वेढला गेला आणि मोजक्या साथीदारांसह लढता लढता मारला गेला. त्याचे शिर कापून नेण्यात आले.

यानंतर पंचेचाळीस वर्षे लोटली. जुलै १८९६ मध्ये टॉलस्टॉय पिरोगोवो येथे होता. ही त्याच भाऊ सर्गेईची जहागीर. नांगरलेल्या काळ्या जमिनीतून फिरताना त्याला एक काटेरी झुडूप दिसले. ते आपल्याकडील उंटकटाऱ्याच्या जातकुळीतले, आणि रशियन खेडूत त्याला 'तातार' म्हणतात. त्याच्या तीन फांद्यांपैकी दोन मोडून मातीत लोळत होत्या. तिसरी धुळीने माखलेली, कललेली, पण जिवंत होती, आणि तिच्या फुलात मध्यभागी तांबडा रंग टिकून होता. ते पाहून आपल्याला हाजी मुराद आठवला, यावर लिहावेसे वाटते, अशा आशयाची नोंद त्याने रोजनिशीत केली. त्याच वर्षी पहिला खर्डा तयार झाला. पुढे १९०४ पर्यंत तो ही कथा पुनःपुन्हा लिहीत राहिला. ती त्याच्या हयातीत छापली गेली नाही. १९१० साली तो वारला आणि १९१२ साली कादंबरी प्रसिद्ध झाली.

आता या आठवणीत माहिती किती होती, ते पाहावे. एक ऐकीव बातमी, एक तिरस्काराचा शेरा, आणि दूरवरून कानी आलेला एक मृत्यू. कादंबरीला पुरेल असे यात काहीच नव्हते. म्हणूनच टॉलस्टॉयला कागदपत्रांकडे वळावे लागले, आणि तो वळला तो एखाद्या संशोधकाच्या चिकाटीने. व्होरोन्त्सोव्ह या सुभेदाराचे अस्सल पत्रच त्याने कादंबरीत समाविष्ट केले. हाजी मुराद ज्या अधिकाऱ्याच्या ताब्यात शेवटी होता, त्याच्या वृद्ध विधवेला १९०३ साली त्याने पत्र पाठवून विचारले की, तो थोडीफार रशियन बोलत असे काय, त्याचे लंगडणे कितपत जाणवे, ज्या घोड्यांवरून तो पळाला ते कोणाचे व कोणत्या रंगाचे. पंचाहत्तरीला टेकलेला, जगद्विख्यात असा हा लेखक एका मृत माणसाच्या घोड्याचा रंग विचारीत होता! दप्तरांना असा प्रश्न आपण होऊन सुचत नाही. प्रश्न आठवण विचारते आणि उत्तर कागद देतो, हा क्रम येथे स्पष्ट दिसतो. ज्या ऐतिहासिक कादंबऱ्या माहितीने ओसंडूनही निर्जीव वाटतात, त्यांत बहुधा उत्तरे पुष्कळ असतात, पण प्रश्न विचारणारा कोणी नसतो.

परंतु हा प्रश्न इतकी वर्षे जिवंत का राहिला? आमच्या मते, त्या तरुणपणीच्या शेऱ्यामुळे. टॉलस्टॉयने तसे कोठे लिहून ठेवलेले नाही. हा निष्कर्ष आम्ही कादंबरीवरून काढतो. तिच्या आरंभी निवेदक रानफुले गोळा करीत असता हेच काटेरी फूल तोडू पाहतो. दांडा चिवट, काटे हाताला बोचतात. शेवटी फूल हाती येते तोवर त्याची शोभा गेलेली असते. आपण उगाच एक सुंदर वस्तू नासली असे वाटून तो ते फेकून देतो. त्यानंतर त्याला गाडीच्या चाकाखाली सापडूनही उभे राहिलेले दुसरे झुडूप दिसते, आणि मग हाजी मुरादची गोष्ट सुरू होते. रोजनिशीतील नोंद एकाच मोडलेल्या झुडपाची आहे. स्वतःच्या हाताने फूल तोडण्याचा प्रसंग लेखकाने कादंबरीत घातला आहे. म्हणजे नासधूस करणाऱ्यांच्या यादीत त्याने पहिले नाव स्वतःचे लिहिले.

हाच धागा पुढे सर्वत्र दिसतो. बटलर हा तरुण अधिकारी जुगारी, उमदा, आणि युद्धाच्या काव्यावर लुब्ध आहे. हे काव्य बिघडू नये म्हणून तो प्रेतांकडे पाहतच नाही. कॉकेशसमध्ये जुगारात पैसे घालविणाऱ्या तरुण टॉलस्टॉयची छाया त्याच्यावर स्पष्ट आहे. हाजी मुरादला पहिल्या रात्री आश्रय देणाऱ्या गावकऱ्याचे नाव सादो. टॉलस्टॉयचे जुगारातील देणे परत जिंकून देणाऱ्या त्याच्या चेचेन मित्राचेही नाव सादोच होते. कादंबरीत रशियन सैन्य या सादोचे गाव जाळते आणि त्याच्या कोवळ्या मुलाला संगिनीने मारते. त्याच मोहिमेत बटलर आनंदाने सामील असतो. मित्राचे नाव अशा घराला देणे हा नुसता योगायोग म्हणून आम्हांला सोडून देता येत नाही.

हाजी मुराद येथे देवदूत म्हणून येत नाही. तो कपटी आहे, क्रूर आहे, महत्त्वाकांक्षी आहे. पण त्याची आई, बायको व मुले शामिलच्या ताब्यात आहेत आणि त्यांच्या सुटकेसाठी तो शत्रूच्या दारी आला आहे, हे लेखक आपल्याला विसरू देत नाही. तरुणपणी ज्याला हलकटपणा म्हटले, त्याच कृत्याच्या आत शिरून वृद्ध टॉलस्टॉयने त्याचा अर्थ पुन्हा लावला. त्याच वेळी झार पहिल्या निकोलसचे प्रकरण लिहून, शिक्षेच्या नावाखाली माणसे मारविणारा आणि आपल्या राज्यात देहान्त शिक्षा नाही म्हणून धन्यता मानणारा सम्राट त्याने पुढे उभा केला. हलकट कोण, हा निवाडा त्याने वाचकावर सोडला. अहिंसेचा हा प्रवक्ता एका योद्ध्याच्या मरणाकडे इतक्या ओढीने का वळला, याचे अनेकांस नवल वाटते. एका माणसाविषयी आपण घाईने उच्चारलेला शब्द परत घ्यावयाचा राहून गेला होता, हे ध्यानी घेतले म्हणजे ते नवल उरत नाही.

या उदाहरणाशेजारी आम्ही आपल्या परिचयाचे दुसरे ठेवतो. वृंदावनलाल वर्मा यांची 'झाँसी की रानी' ही हिंदी कादंबरी १९४६ साली प्रसिद्ध झाली. तिचा उगमही आठवणीत आहे. वर्मांचे पणजोबा राणीच्या बाजूने लढताना १८५८ साली कामी आले होते, आणि पणजीकडून राणीच्या गोष्टी त्यांनी लहानपणी ऐकल्या होत्या. पुढे दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी मराठीत लिहिलेले, १८९४ साली निघालेले राणीचे चरित्र त्यांच्या वाचनात आले. राणी परिस्थितीच्या रेट्याने युद्धात ओढली गेली, असा त्यातून निघणारा निष्कर्ष त्यांना बोचला, कारण पणजीची राणी स्वराज्यासाठी लढली होती. मग त्यांनी कचेरीतील जुने कागद धुंडाळले, हयात असलेल्या वृद्धांच्या साक्षी मिळविल्या आणि कादंबरी लिहिली. येथेही आधी आठवण व मागून कागद असाच क्रम आहे. या आठवणीचे श्रेय मोठे आहे. कोरी समाजातील झलकारीसारखी, दरबारी कागदांत न मावणारी माणसे हिंदी वाचकांसमोर ठळकपणे आली ती या कादंबरीमुळे. परंतु एक भेद लक्षात घेतला पाहिजे. वर्मांची आठवण आधीच निर्णय घेऊन बसलेली आहे आणि ती पुरावा मागते. टॉलस्टॉयची आठवण स्वतःच्याच निर्णयाविषयी साशंक आहे आणि ती खुलासा मागते. पहिलीतून स्फूर्तिदायक ग्रंथ निर्माण होतो आणि राष्ट्राला त्याची गरज असते. दुसरीतून माणूस समजतो. त्यामुळे वर्मांची राणी आपल्याला वंदनीय वाटते, पण तिला आडवा प्रश्न विचारण्याचे धैर्य कादंबरीत कोणालाच होत नाही.

त्याच राणीचे एक तिसरे दर्शन आपल्या मराठीतच आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेने १८५७ साली उत्तरेस निघाले आणि झाशीच्या वेढ्यात सापडले. त्यांनी बऱ्याच वर्षांनी लिहिलेला 'माझा प्रवास' १९०७ साली छापला गेला. झाशी पडल्यानंतर वाटेत एका विहिरीपाशी धुळीने माखलेली, तहानलेली राणी त्यांना भेटते. ते पाणी काढून देऊ लागतात, तर विद्वान ब्राह्मणाला हे श्रम नकोत म्हणून ती स्वतः पोहरा ओढते. गोडसे भटजींना ना राणीला निर्दोष ठरवावयाचे आहे, ना स्वतःला दोष द्यावयाचा आहे. जे विसरता आले नाही ते त्यांनी सांगितले, इतकेच. कादंबरीला बीज लागते ते एवढेच आणि असेच. ते रुजण्यासाठी मात्र विहिरीपाशी आपण कोण होतो, आपण काय केले आणि काय केले नाही, असे विचारणारा कोणी तरी पुढे यावा लागतो.

येथे एक आक्षेप संभवतो. रा. भि. गुंजीकरांच्या 'मोचनगड'पासून, म्हणजे १८७१ पासून, मराठी ऐतिहासिक कादंबरी प्रामुख्याने शिवकाल व पेशवाई यांतच रमली आहे. तो काळ पाहिलेला कोणी लेखकाच्या घरी असण्याचा संभव नाही. मग या कादंबऱ्यांना आठवणीचे बळ कोठून मिळावे? आमचे उत्तर असे की, आठवण त्या घटनेचीच असली पाहिजे असे नाही. टॉलस्टॉयचे झुडूप कॉकेशसमधले नव्हते, ते भावाच्या शेतातले होते. ज्याने आपल्या घरात कर्ता पुरुष अकाली गेलेला पाहिला आहे, भाऊबंदकीत स्वतःची बाजू चुकली होती हे ज्याला पुढे उमगले आहे, त्याला पेशव्यांच्या वाड्यात शिरण्यास वेगळे दार शोधावे लागत नाही. अडचण काळाच्या अंतराची नाही. आपण पूर्वजांकडे केवळ अभिमानाने पाहतो, आणि अभिमानाला प्रश्न पडत नाहीत, ही खरी अडचण आहे.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान् पिढ्या वसलेल्या आम्हां मराठी माणसांच्या घरी तर आठवणींची वाण नाही. कोणाचा पूर्वज शिंद्यांच्या फौजेबरोबर आला, कोणाचा होळकरांच्या वा गायकवाडांच्या पदरी राहिला. या कथा आपण मुलांना सांगतो त्या बहुतेक पराक्रमाच्या. ज्या मुलखात हे पूर्वज घोडे घेऊन शिरले, तेथील शेतकऱ्याला ते कसे दिसले असतील, हे आपण सहसा सांगत नाही. वर्गात इतिहास शिकविताना एखादा विद्यार्थी हा प्रश्न विचारतो तेव्हा आम्ही शिक्षक धड्याचे पान उलटतो, हे आम्हांस कबूल केले पाहिजे. त्या पानाआड एखादी कादंबरी दडलेली असू शकते.

म्हणून पुढील ऐतिहासिक कादंबरीचे परीक्षण करताना साधनांची झडती अवश्य घ्यावी, पण तेवढ्यावर थांबू नये. या लेखकावर त्या भूतकाळाचे काही देणे होते काय, आणि ते त्याने फेडले की नुसतेच मिरविले, हेही पाहावे. पंचेचाळीस वर्षांपूर्वीचा एक शब्द परत घेण्यासाठी टॉलस्टॉयने जवळजवळ आठ वर्षे लेखणी झिजविली, आणि ज्या भावाला तो शब्द लिहून पाठविला होता त्याच्याच शेतात त्याला त्याची आठवण झाली. असे देणे ज्याला जाणवते, त्याच्या हाती पडलेली बखर कादंबरी होऊ शकते. ज्याला ते जाणवत नाही, त्याच्या हाती उत्तम बखरीचीही पुन्हा बखरच होते.