व्हीलचेअर, कंपने आणि 'निरोगी माणूस' : एका अभ्यासाचे परीक्षण

हाताने चालवण्याच्या व्हीलचेअरचा विचार आपल्याकडे बहुधा रॅम्प आणि दाराची रुंदी यांपुढे जात नाही. पृष्ठभागाच्या प्रत्येक सांध्यातून आसनावाटे पाठीच्या कण्यापर्यंत पोहोचणारे कंपन दुर्लक्षितच राहते. या दृष्टीने गार्सिया-मेंडेझ, पर्लमन, बोनिंजर व कूपर या संशोधकांचा २०१३ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास मोलाचा आहे. त्यांनी ३७ वापरकर्त्यांच्या दैनंदिन जीवनातील कंपने मोजली. आसनावरील सरासरी भारित त्वरण ०.८३ मीटर प्रति सेकंद वर्ग आणि कालावधी दिवसाला सुमारे १३ तास आढळला. आयएसओ २६३१-१ या मानकाने सांगितलेल्या सावधगिरीच्या पट्ट्यात किंवा त्याच्याही वर सर्वच जण होते. सांगाड्यात धक्काशोषक योजना असलेल्या महागड्या खुर्च्यांनीही कंपन घटले नाही, हा निष्कर्ष तर विक्रेत्यांना न रुचणारा आहे.

मापनाबद्दल फारसा आक्षेप घेता येत नाही. प्रश्न मोजपट्टीचा आहे. १९९७ चे हे मानक आरोग्यविषयक मार्गदर्शन करताना सर्वसाधारण प्रकृतीची, निरोगी व्यक्ती गृहीत धरते. ट्रॅक्टरचालक पाळी संपताच आसनावरून उठतो, चार पावले चालतो. व्हीलचेअर वापरणाऱ्यास ही सुटका नाही. मज्जारज्जूला इजा झालेल्या व्यक्तीच्या धडाचे स्नायू कण्याला पुरेसा आधार देतीलच असे नाही. संवेदना गेली असल्यास वेदनेची पूर्वसूचनाही मिळत नाही. म्हणजे ज्या शरीरासाठी हा पट्टा आखलाच नव्हता, त्या शरीरांचे मोजमाप त्यावर झाले आहे. तेव्हा प्रत्यक्ष धोका आकड्यांत दिसतो त्याहून अधिक असण्याचा संभव आहे, आणि 'पट्ट्यात' असलेल्यांनाही सुरक्षित मानणे धाडसाचे ठरेल.

खुर्चीतील धक्काशोषकाने काम भागत नसेल, तर लक्ष पृष्ठभागाकडे वळवावे लागते. याच परंपरेतील कूपर व सहकाऱ्यांचा २००४ चा पदपथांविषयीचा अभ्यास येथे उपयोगी पडतो. पेव्हर ब्लॉक सरसकट वाईट नाहीत. कडा न तासलेले वा अल्प तासलेले ब्लॉक ओतीव काँक्रीटच्या तोडीचे ठरतात, रुंद तासणीचे ब्लॉक मात्र कंपन वाढवतात. हा फरक अवघ्या काही मिलिमीटरांचा आहे. आपल्या महाविद्यालयांच्या आवारांत गेल्या काही वर्षांत हेच ब्लॉक सर्वत्र बसले. प्रस्तुत लेखिकेने पाहिलेल्या निविदांत ब्लॉकची जाडी, भारक्षमता आणि रंगसुद्धा नमूद होता. कडेच्या तासणीविषयी एक ओळही नव्हती.