स्क्लॅन्स्कीचं ‘प्रमेय’ आणि मित्राची वही

या वेळी रिसर्च पेपर नाही, एक जुनं पुस्तक घेऊन बसलोय. डेव्हिड स्क्लॅन्स्कीचं ‘द थिअरी ऑफ पोकर’. 1987 पासून या नावानं मिळतं, आणि पोकर खेळणारे लोक ते पोथीसारखं वाचतात. माझं पीएचडीचं काम ‘अपुऱ्या माहितीचे खेळ’ या विषयावर आहे, म्हणजे ज्यात समोरच्याचे पत्ते दिसत नाहीत असे खेळ. त्यामुळे ‘मग पोकरमध्ये जिंकायचं कसं ते सांग’ हा प्रश्न लग्नकार्यातसुद्धा चुकत नाही. मी स्वतः गणपतीच्या जागरणातल्या रुपया-रुपयाच्या तीन पत्तीपलीकडे कधी गेलेलो नाही, हे आधीच सांगून टाकतो.

पुस्तकावर लिहायचं कारण हॉस्टेलचा एक मित्र. त्यानं हे पुस्तक अक्षरशः पाठ केलं, एका ॲपवर खेळायला लागला, आणि सहा महिन्यांत दोन महिन्यांचं स्टायपेंड घालवून बसला. खेळताना तो एका वहीत हिशेब ठेवायचा. ती वही त्यानं मला दाखवली आणि म्हणाला, ‘बघ, चुका समोरचे जास्त करतायत, माझ्या कमी आहेत. म्हणजे नुसतं नशीब वाईट.’ वही प्रामाणिक होती. घोटाळा तिच्या रकान्यांमध्ये होता, आणि ते रकाने थेट पुस्तकातून आले होते.

पुस्तकाचा कणा म्हणजे ‘पोकरचं मूलभूत प्रमेय’. माझ्या शब्दांत सांगायचं तर असं: समोरच्याचे पत्ते दिसत असते तर तुम्ही जसे खेळला असतात, त्यापेक्षा वेगळं खेळलात की त्याचा फायदा, तसंच खेळलात की त्याचा तोटा. तो तुमचे पत्ते बघून खेळला असता तर, असं उलट बाजूनंही हेच लागू. वाचताना पटकन पटतं. नाव तर इतकं भारदस्त की शंका घ्यायची हिंमत होत नाही.

आता थोडं मागे जाऊ. पोकर आला कुठून? इराणच्या ‘आस नास’मधून आला असं बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं, पण त्याला ठोस पुरावा नाही. जास्त पटणारा धागा फ्रेंच ‘पोक’ आणि त्याचा जर्मन भाऊबंद ‘पोखेन’ यांच्याकडे जातो, जोडीला इंग्रजांचा ‘ब्रॅग’. हे सगळं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यू ऑर्लीन्समध्ये मिसळलं. लुइझियाना 1803 मध्येच फ्रान्सकडून अमेरिकेकडे आलेला होता. तिथून मिसिसिपीवरच्या आगबोटींनी खेळ वर पसरवला. जोसेफ कॉवेल नावाच्या इंग्रज नटानं 1829 मध्ये अशाच एका बोटीवर पाहिलेल्या डावाचं वर्णन 1844 मध्ये छापलेल्या आठवणींत केलंय.

तो पोकर आजच्यासारखा नव्हता. पत्ते फक्त वीस, दश्शीपासून एक्क्यापर्यंत. चौघांना पाच-पाच वाटले की कॅट संपला. बदलायला पत्ता नाही, उघडा पत्ता नाही. समोरच्याबद्दल कळणार ते फक्त त्यानं किती पैसे लावले त्यावरून. पुढे बावन्न पत्ते आले, मग पत्ते बदलायची सोय आली. समोरच्यानं एकच पत्ता बदलला की तीन, ही नवी खूण मिळाली. स्टडमध्ये काही पत्ते उघडे झाले. विसाव्या शतकात टेक्सासमध्ये होल्डेम रुजला. त्यात दोन पत्ते लपलेले आणि पाच सगळ्यांचे सामाईक. 1970 मध्ये बेनी बिनियननं लास व्हेगासमध्ये वर्ल्ड सिरीज सुरू केली. 2003 मध्ये ख्रिस मनीमेकर नावाचा अकाउंटंट ऑनलाइन पात्रता फेरीतून येऊन 25 लाख डॉलर घेऊन गेला आणि त्यानंतर जगभर लाट आली. माझ्या डोळ्यांना या सगळ्या इतिहासात एकच गोष्ट दिसते: प्रत्येक बदलात ‘किती लपवायचं आणि किती दाखवायचं’ हे प्रमाण हललंय. स्क्लॅन्स्कीचं प्रमेय मात्र मोजमाप करताना सगळे पत्ते उघडे धरतं.

(जाता जाता: आपली तीन पत्ती ब्रॅगच्याच घराण्यातली मानली जाते. तीन पत्तीत सिक्वेन्स कलरपेक्षा मोठा आणि पोकरमध्ये कलर सिक्वेन्सपेक्षा मोठा, असं का? तीन पत्त्यांत साधे सिक्वेन्स 720 प्रकारे बनतात आणि साधे कलर 1,096 प्रकारे. पाच पत्त्यांत हेच आकडे 10,200 आणि 5,108. दुर्मीळ ते मोठं, बस इतकंच. मी हे कळेपर्यंत काकांशी विनाकारण भांडलोय.)

प्रमेयाची परीक्षा घ्यायला मोठा पोकर नको. हॅरॉल्ड कून या गणितज्ञानं 1950 मध्ये एक छोटा पोकर मांडला होता. तुम्हीही घरी खेळून बघा. पत्ते तीनच: गुलाम, राणी, राजा. खेळाडू दोन. दोघांनी एकेक रुपया मध्ये टाकायचा आणि एकेक पत्ता घ्यायचा. पहिल्यानं एक रुपया लावायचा किंवा ‘चेक’ म्हणून सोडायचं. त्यानं लावला तर दुसऱ्यानं रुपया टाकून कॉल करायचं किंवा पत्ता टाकून मोकळं व्हायचं. पहिल्यानं चेक केलं तर दुसरा लावू शकतो, मग पहिल्यानं तसंच ठरवायचं. मोठा पत्ता जिंकतो.

या खेळाचं उत्तर पूर्ण माहीत आहे. पहिल्या खेळाडूनं गुलामावर कधीकधी रुपया लावायचा, म्हणजे ब्लफ करायचा, पण तीनात एकदापेक्षा जास्त नाही. राजावर त्याच्या तिप्पट वेळा लावायचा. राणीवर कधीच लावायचा नाही, कारण गुलामवाला पळून जाईल आणि राजावाला कॉल करील. ब्लफ हा धाडसी स्वभावाचा भाग नाही, तो हिशेबातून आपोआप निघतो. हे फॉन नॉयमननं 1928 च्या त्याच्या पेपरपासून सुरू केलेल्या वाटेवर, आणि 1944 मध्ये मॉर्गेनस्टर्नबरोबरच्या ग्रंथात पोकरवर एक अख्खं प्रकरण लिहून, आधीच दाखवलं होतं.

आता तुम्ही दुसरे खेळाडू आहात. हातात राणी. समोरच्यानं रुपया लावला. काय कराल? अचूक उत्तर: तीनातून एकदा कॉल, दोनदा पत्ता टाका. याच्यापेक्षा जास्त पत्ते टाकलेत तर तो प्रत्येक गुलामावर तुम्हाला घाबरवेल. जास्त कॉल केलेत तर तो ब्लफ बंद करून फक्त राजावर लावेल आणि तुमचे रुपये गोळा करील.

हाच डाव वहीच्या पद्धतीनं तपासू. समोरचा वरच्या प्रमाणात खेळतोय, म्हणजे त्यानं रुपया लावला की चारातून तीनदा त्याच्याकडे राजा आणि एकदा गुलाम. राजावर कॉल केला ही ‘चूक’, गुलामावर पत्ता टाकला ही पण ‘चूक’. मग अचूक खेळणारा माणूस बारापैकी पाच वेळा चुकतो. आणि दरवेळी मुकाट्यानं पत्ता टाकणारा? बारापैकी फक्त तीन वेळा! वहीत बघाल तर भित्रा माणूस उस्ताद ठरतो.

तुम्ही म्हणाल, चुका मोजू नका, पैसे मोजा. ठीक. राजावर कॉल केल्यानं एक रुपया जास्त जातो. गुलामावर पत्ता टाकल्यानं तीन रुपये हुकतात. हिशेब करा: नेहमी पत्ता टाकणारा दर वेळी सरासरी 75 पैसे चुकतो, नेहमी कॉल करणारा 75 पैसे, आणि अचूक खेळणाराही 75 पैसे. तिघं सारखेच! ज्या फुटपट्टीवर उत्तम, भित्रा आणि उधळ्या एकाच रेघेवर येतात, तिला प्रमेय म्हणायचं का? माझ्या गाइडनं मला असं काही लिहू दिलं नसतं.

मित्राच्या वहीत याहून मोठं भगदाड होतं. समोरच्याचे पत्ते शेवटी उघडले तरच ‘चूक की बरोबर’ हा रकाना भरता येतो. त्यानं स्वतः पत्ते टाकले ते डाव वहीत नाहीत. त्याच्या रेजला घाबरून सगळे पळाले तेही नाहीत. म्हणजे बहुतेक खेळ वहीबाहेरच. वर ॲप प्रत्येक पॉटमधून आपला वाटा, म्हणजे रेक, कापून घ्यायचं, तोही वहीत नाही. दोन समान ताकदीचे लोक खेळले तरी रेकमुळे दोघंही हळूहळू हरतात. ते त्याला नशीब वाटलं.

स्क्लॅन्स्कीवर अन्याय नको. तीन किंवा जास्त लोक पॉटमध्ये असतील तर प्रमेयाला अपवाद आहेत हे तो मान्य करतो, फक्त ते क्वचित म्हणून सोडून देतो. तसे ते फार क्वचित नाहीत. एकाच्या चुकीचा फायदा तुम्हाला न मिळता तिसऱ्याच्या खिशात जाऊ शकतो. पोकरवाल्यांत हा मुद्दा ‘मॉर्टनचं प्रमेय’ म्हणून माहीत आहे. शिवाय त्याच पुस्तकात गेम थिअरीवर स्वतंत्र प्रकरण आहे. तिथे तो कधी ब्लफ करायचा हे हातात आलेल्या पत्त्यांवर सोडायला सांगतो, म्हणजे तुमचा कल समोरच्याला ताडता येऊ नये. प्रकरण उत्तम आहे. माझी तक्रार ही की ते मूलभूत प्रमेयाशी जुळत नाही, आणि लेखकानं दोघांना एकमेकांसमोर कधी उभंच केलं नाही.

पुढे संशोधन नेमकं इथेच वेगळ्या वाटेला लागलं. 2015 मध्ये अल्बर्टा विद्यापीठाच्या गटानं दोघांचा, मर्यादित पैज असलेला होल्डेम जवळपास पूर्ण सोडवला. 2017 मध्ये कार्नेगी मेलनच्या ‘लिब्रेटस’नं पिट्सबर्गमध्ये चार व्यावसायिकांना 1,20,000 डावांत हरवलं. या यंत्रांमागच्या पद्धतीत ‘पश्चात्ताप’ मोजतात, पण तो उघडलेल्या एका पत्त्यावरून नव्हे. यंत्र विचारतं: समोरचा ज्या-ज्या पत्त्यांनिशी इथवर पोहोचला असता, त्या सगळ्यांवर सरासरी काढली तर दुसरी चाल किती बरी ठरली असती? ज्या चालीचा पश्चात्ताप जास्त, ती पुढच्या वेळी जास्त वेळा. असे अब्जावधी डाव स्वतःशीच खेळून ते शिकतं.

मग खेळायचं कसं? पुस्तकातली कामाची प्रकरणं प्रमेयानंतरची आहेत. पॉट ऑड्स घ्या. पॉटमध्ये 600, समोरच्यानं 300 लावले. 900 जिंकण्यासाठी 300 टाकायचे, म्हणजे 25 टक्के वेळा तरी जिंकायला हवं. तुम्हाला शेवटच्या पत्त्यावर बदाम हवाय, न दिसलेल्या 46 पत्त्यांत बदाम नऊ: 19.6 टक्के. पत्ता टाका, पुढे त्याच्याकडून आणखी पैसे निघतील अशी खात्री असेल तरच थांबा. त्यानं 150 च लावले असते तर 16.7 टक्के पुरले असते, बिनधास्त कॉल. सेमी-ब्लफ हा शब्दच स्क्लॅन्स्कीनं रुजवला: आज हात कच्चा आहे पण पुढे पिकू शकतो, अशा वेळी रेज करायची. समोरचा पळाला तर उत्तम, नाही पळाला तरी सगळं संपलेलं नाही. ब्लफसाठी नवख्यानं यापासूनच सुरुवात करावी.

आणि जागा. शेवटी बोलणाऱ्याला बाकीच्यांच्या चाली आधी दिसतात. कूनच्या खेळात दोघंही अचूक खेळले तर पहिला दर डावाला सरासरी साडेपाच पैसे हरतो, केवळ आधी बोलावं लागतं म्हणून. तेव्हा आधी बोलायचं असेल तर चांगल्या पत्त्यांशिवाय उतरू नका. होल्डेममध्ये हातात जोडी सतरा डावांत एकदा येते, एक्क्यांची 221 डावांत एकदा. बहुतेक वेळ पत्ते टाकण्यातच जातो आणि कंटाळा येतो. मित्राचे निम्मे पैसे मला वाटतं त्या कंटाळ्यात गेले.

2025 च्या केंद्रीय कायद्यानं पैसे लावायचे ऑनलाइन खेळ बंद केले, त्याचं ॲपही गेलं. आम्ही आता मेसच्या टेबलावर काड्यापेटीच्या काड्या लावून खेळतो. वही त्यानं ठेवलीय, पण रकाने बदललेत: समोरच्यानं काय केलं, तोवर त्याच्याकडे काय-काय असू शकत होतं, आणि त्या सगळ्यांवर मिळून माझी चाल कशी होती. शेवटी कोणते पत्ते निघाले ते तो आता लिहीतच नाही. परवा माझ्याच ब्लफवर त्यानं राणी धरून कॉल केला आणि तेरा काड्या नेल्या. ‘तीनातली एकवाली वेळ होती,’ म्हणाला.