कुर्डीचं चिन्ह कोणतं?

गोव्यातल्या कुर्डी गावाची गोष्ट बहुधा कदंबांपासून, त्यांच्या नाण्यांवरच्या सिंहापासून सुरू होते. आम्हाला हे खटकतं. सिंह राजघराण्याचा, गावाचं काय? साळावली धरणात कुर्डी बुडाली. तिथलं महादेवाचं देऊळ दगड न् दगड उतरवून धरणाजवळ पुन्हा उभारलं, याची वर्णनं भरपूर. माणसं वाडे आणि वालकिणीला हलवली, हे मात्र एका ओळीत!

आपल्याकडे गावाचं चिन्ह ढालीवर नसतं, आडनावात असतं. मोगूबाई कुर्डीकर १९०४ साली इथंच जन्मल्या. गाव बुडालं, तरी जयपूर-अत्रौली घराण्याचा विषय निघाला की हे नाव येतंच. इथंच आम्ही थांबणार होतो. पण कुर्डीत ख्रिस्ती घरंही होती; त्यांच्या आडनावात गाव कुठंय? मे महिन्यात पाणी ओसरतं तेव्हा तीही माणसं येतात, कुणी सोमेश्वराच्या उत्सवाला, कुणी चॅपेलच्या फेस्ताला. चिखल वाळून भेगाळलेला असतो. उघड्या पडलेल्या जोत्यावर उभं राहून म्हातारी माणसं नातवंडांना दाखवतात, चूल इथं होती, विहीर तिकडे. कुर्डीचा इतिहास लिहिणाऱ्यानं वही घेऊन त्या जोत्यावर बसावं, पाऊस सुरू व्हायच्या आत.