‘बिग ब्रदर’ आणि खरेपणाचा प्रश्न

रिअ‍ॅलिटी दूरचित्रवाणीवरील टीकेचा रोख बहुधा एकाच प्रश्नाकडे असतो : पडद्यावर दिसते ते खरे की रचलेले? प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु प्रेक्षक हे कार्यक्रम खरे मानूनच पाहतो, असे एक गृहीत त्यात दडलेले असते. ब्रिटिश प्रेक्षकांच्या पाहणीवर आधारलेला ॲनेट हिल यांचा ग्रंथ २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यातून दिसते ते निराळेच. कॅमेऱ्यापुढे माणसे बेतून वागतात हे प्रेक्षक धरूनच चालतो, आणि ते बेतलेपण ज्या क्षणी सुटेल त्या क्षणाची वाट पाहतो. संशय हेच त्याच्या आस्वादाचे साधन होय.

१९९९ साली नेदरलंड्समध्ये सुरू झालेल्या ‘बिग ब्रदर’ची रचना या संशयाला खाद्य पुरवील अशीच आहे. घरात कोंडलेली माणसे कोणाला बाहेर काढावे हे एका बंद खोलीत येऊन सांगतात. ते सहवासीयांना कळत नाही, प्रेक्षकाला कळते. मग तीच माणसे एका टेबलावर बसून हसतखेळत जेवतात, तेव्हा प्रेक्षक त्यांच्या प्रत्येक स्मिताचे मोल करू लागतो. पात्राला अज्ञात असलेली गोष्ट प्रेक्षकास ज्ञात असणे ही नाटककाराची जुनीच युक्ती. येथे ती नियमाच्या रूपाने घरात शिरली आहे. २००० साली ब्रिटिश आवृत्तीत एका स्पर्धकाने नियम मोडून, कागदावर नावे लिहून ती इतरांना दाखविली व त्यांची मते वळविण्याचा प्रयत्न केला. सहवासीयांनी त्याला जाब विचारला तो प्रसंग विलक्षण गाजला. घर कृत्रिम, खेळ कृत्रिम, तरी त्या माणसांचा संताप कृत्रिम होता असे कोणास वाटले नाही.

येथवर हा आस्वाद नाट्यास्वादाच्या जवळचा वाटतो. पण एक भेद महत्त्वाचा आहे. स्वतःच्या सुखदुःखात गुंतून पडणे हे अभिनवगुप्ताने रसास्वादातील विघ्न मानले आहे. ‘बिग ब्रदर’चा प्रेक्षक दूरध्वनीवरून मत देऊन माणसाला घराबाहेर काढतो, म्हणजे त्याला ताटस्थ्य सोडावयासच सांगितलेले असते. त्याचा राग लौकिकच राहतो, आणि त्याचा परिणाम एका जिवंत माणसावर होतो. म्हणून त्याचा निवाडा कशावर उभा आहे हे पाहणे अगत्याचे ठरते.

तो उभा असतो संकलनावर. १९७३ साली अमेरिकेत प्रसारित झालेल्या ‘ॲन अमेरिकन फॅमिली’ या मालिकेसाठी कॅलिफोर्नियातील एका कुटुंबाचे सुमारे ३०० तासांचे चित्रीकरण झाले होते. दाखविले गेले ते १२ भाग. मार्गारेट मीड यांनी या प्रकाराची तुलना नाटक व कादंबरी यांच्या उदयाशी केली, तर आपले विपरीत चित्र रंगविले गेले अशी खुद्द कुटुंबीयांची तक्रार होती. त्यांचा एकही शब्द खोटा नसताना ही तक्रार संभवते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. उलट २००१ साली ‘सर्व्हायव्हर’च्या निर्मात्याने काही दृश्ये बदली माणसांकरवी पुन्हा चित्रित केल्याचे मान्य केले, त्याचा गवगवा फार झाला, वास्तविक ती बाब किरकोळ होती. चेहऱ्यावरील भाव खरा की खोटा हे ओळखण्यात प्रेक्षक तरबेज झाला, तरी जे त्याला दाखविलेच नाही त्याविषयी त्या कौशल्याचा काडीइतकाही उपयोग नाही.

‘बिग बॉस’ हिंदीत २००६ साली व मराठीत २०१८ साली आले. येथे खरेपणाची चर्चा घरातील माणसेच अहोरात्र करतात. ‘तू मुखवटा घालून वावरतोस’ हा तेथील सर्वांत जहाल आरोप. आठवड्याअखेरीस सूत्रसंचालक हिशेब मागतो, आणि वेळप्रसंगी पुरावा म्हणून निवडक चित्रफिती दाखवितो. अखंड थेट प्रक्षेपणाने या निवडीची थोडीफार पडताळणी होऊ शकते. ब्रिटनमध्ये २००० साली इंटरनेटवरून अशी सोय होती, आणि हिंदीत २०२१ च्या ‘बिग बॉस ओटीटी’नेही ती दिली. अनेक कॅमेऱ्यांपैकी कोणाचे दृश्य बाहेर पाठवावयाचे हे तेथेही नियंत्रण-कक्षच ठरवितो. तथापि रात्रीचा भाग दिवसभराच्या दृश्यांशी ताडून पाहण्याची संधी प्रेक्षकाला निदान मिळते.